संघाची निवड आणि प्रतिपक्षाचे बळ

एखादी मोठी फुटबॉल स्पर्धा जवळ आली म्हणजे राष्ट्रीय संघाविषयी दोन प्रश्न सर्वतोमुखी होतात. संघात कोणाकोणाला घ्यावे, हा पहिला आणि हा संघ कितपत बलवान आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरून प्रांताप्रांतांत आणि क्लबाक्लबांत कडाक्याचे वाद होतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र लोक चटकन देऊन मोकळे होतात. मागल्या पाच सामन्यांपैकी चार जिंकले असतील तर संघ उत्तम. चार गमावले असतील तर निवड समिती अडाणी! वस्तुतः या दोन्ही प्रश्नांची उकल एका तिसऱ्या प्रश्नाशिवाय होत नाही. तो प्रश्न असा की, हे सामने कोणाशी झाले आणि पुढचे कोणाशी व्हायचे आहेत?

कुस्तीच्या आखाड्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जत्रेच्या फडात हलक्या जोडीशी दहा कुस्त्या मारणाऱ्या मल्लाची वस्ताद पाठ थोपटतो, पण त्या दहा कुस्त्यांच्या भरवशावर त्याला मोठ्या कुस्तीला उभा करीत नाही. आधी त्याला तो भारी जोडीशी झुंजवतो, आणि त्या झुंजीत त्याचा श्वास कोठे तुटतो, पाय कोठे डळमळतो, हे पाहून ठेवतो. कुस्तीत ज्याला जोड म्हणतात, त्याचाच विचार फुटबॉलच्या चर्चेत पुष्कळदा राहून जातो. तो राहून गेला म्हणजे काय होते, आणि केला म्हणजे काय साधते, या दोहोंची उदाहरणे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ठळकपणे आढळतात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला. त्याचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. फ्रान्सविरुद्ध त्याने दोन पेनल्टी किक वाया घालवल्या आणि सामना १-२ असा थोडक्यात गमावला. युरोप आता एका पावलावर आला, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. पुढे १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने इंडोनेशियाला ३-० आणि अफगाणिस्तानला ३-० असे हरवले, व अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलाच्या बळावर इराणवर १-० अशी मात करून सुवर्णपदक पटकावले. तीन सामन्यांत सात गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. यापेक्षा उजळ आकडे कोणता संघ दाखवू शकेल?

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या जुलैत, हेलसिंकी येथे याच भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली आणि सामना १-१० असा गेला. भारताचा एकमेव गोल अहमद खानने केला. संघ वर्षभरात एवढा दुबळा झाला होता काय? तसे मुळीच नव्हते. दिल्लीच्या आकड्यांनी एवढेच सांगितले होते की, घरच्या मैदानावर आशियातील त्या तीन संघांपेक्षा भारत सरस आहे. युरोपच्या थंड हवेत, बूट घालून वेगाने खेळणाऱ्या संघापुढे त्याची बचावफळी किती वेळ टिकेल, याविषयी ते आकडे मुके होते. युगोस्लाव्हिया १९४८ चा रौप्यपदकविजेता होता आणि १९५२ मध्येही त्याने रौप्यपदकच मिळवले. बोबेक, मितिच, झेबेक यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते. दोष असेल तर तो जिंकण्याचा नव्हे. त्या जिंकण्यातून जे सिद्ध झाले नव्हते, तेही सिद्ध झाले असे धरून चालण्याचा होता. हेलसिंकीच्या पराभवानंतर भारतात खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे झाले, ही त्या दिवसाची एक मोठी कमाई म्हणावी लागेल.

आता याच्या उलट उदाहरण पाहावे. १९५५ च्या सप्टेंबरात भारतीय संघ मॉस्कोला सोविएत संघाशी खेळला आणि १-११ असा हरला. हा भारताच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या अंतराचा पराभव होय. केवळ निकालावर भिस्त ठेवणाऱ्याने त्या दिवशी भारताचे नाव पुढील ऑलिंपिकच्या यादीतून पुसून टाकले असते. परंतु ज्या सोविएत संघाने हा मार दिला, त्यानेच १९५६ मध्ये मेलबर्नचे सुवर्णपदक जिंकले. आणि ज्याने तो खाल्ला, तो भारत त्याच स्पर्धेत चौथा आला. मॉस्कोच्या पराभवामुळेच मेलबर्नचे यश आले, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र मोठा पराभव संघाच्या अंगभूत दुबळेपणाचा पुरावा असतोच असे नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

मेलबर्नच्या चौथ्या क्रमांकाकडेही नीट पाहावे लागते. त्या वर्षी अनेक देशांनी माघार घेतल्याने केवळ अकरा संघ उरले होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी न खेळताच ओलांडता आली. नंतर ऑस्ट्रेलियाला त्याने ४-२ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे होते, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅट्ट्रिक साधणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. पुढे उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी १-४ आणि कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाशी ०-३ असा गेला. म्हणजे चौथा क्रमांक आला तो एका विजयावर! त्या संघाची खरी प्रगती क्रमांकाहून अधिक स्पष्टपणे उपांत्य सामन्यात दिसली. ज्या देशाने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते, त्याच्याविरुद्ध नेव्हिलने उत्तरार्धात भारताला आघाडी मिळवून दिली होती. अर्थात येथेही एक खबरदारी घ्यावी लागते. बोबेक, मितिच आणि झेबेक मेलबर्नला आलेले नव्हते. नाव युगोस्लाव्हियाचेच होते, पण खेळाडूंचा संच निराळा होता. प्रतिपक्षाचे बळ मोजताना त्याच्या झेंड्यापेक्षा त्या दिवशी मैदानात उतरलेले अकरा जण पाहावेत, हा धडा त्यातून मिळतो.

१९६० च्या रोम ऑलिंपिकने तर आकड्यांची फसवी बाजू अधिकच उघड केली. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू हे तीन संघ होते, आणि चारांतून एकच संघ उपांत्य फेरीत जाणार होता. भारत हंगेरीशी १-२ असा हरला, फ्रान्सशी त्याने १-१ अशी बरोबरी केली, आणि पेरूकडून तो १-३ असा पराभूत झाला. एकही विजय न मिळाल्याने भारत गटात तळाला राहिला. परंतु त्याच हंगेरीने पेरूवर ६-२ आणि फ्रान्सवर ७-० असे विजय मिळवले होते. गटातील तीन संघांपैकी हंगेरीला सर्वांत निकराची झुंज दिली ती तळाला राहिलेल्या भारताने! अंकगणिताच्या हिशोबाने पाहिले तर भारताने पेरूला सहज नमवायला हवे होते; प्रत्यक्षात उलट घडले. क ने ख ला आणि ख ने ग ला हरवले म्हणून क हा ग ला हरवीलच, हा नियम फुटबॉलला लागू पडत नाही. एका संघाची उणीव ज्या प्रकारच्या खेळाने उघडी पडते, तो खेळ दुसऱ्या संघाजवळ असतोच असे नाही.

येथूनच निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. देशातील उत्तमोत्तम अकरा खेळाडू गोळा केले म्हणजे उत्तम संघ झाला, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु कोणत्या प्रतिपक्षाविरुद्ध कोणता खेळाडू कोठे उभा करावयाचा, हे ठरल्यावाचून निवड पुरी होत नाही. या विचाराचे भारतातील सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणजे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने मूळचे शिक्षक असलेल्या रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिस संघ घडवला, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. हेलसिंकी, मेलबर्न आणि रोम येथे भारतीय संघाची धुरा रहीम यांच्याकडेच होती.

१९६२ मध्ये जाकार्ताला ते जो संघ घेऊन गेले, त्यात साऱ्या देशाचे प्रतिबिंब होते. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचा, बलराम आणि युसुफ खान हैदराबादकडचे, जर्नेलसिंग पंजाबचा, चंद्रशेखर केरळचा, पण मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारा, आणि फोर्तुनातो फ्रँको गोव्यात जन्मलेला, मुंबईच्या टाटा संघातला. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. पुढे भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमवले. मात्र थायलंडविरुद्ध बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जबर जखम होऊन टाके घालावे लागले. अशा वेळी त्याला विश्रांती देऊन त्याच्या जागी दुसरा बचावपटू उभा करणे, हा साधा मार्ग होता. रहीम यांनी त्याला आघाडीच्या फळीत मधोमध, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना भारताने ३-२ असा जिंकला. त्यात दोन गोल चुनीचे होते आणि एक जर्नेलसिंगचा. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला. बहुसंख्य प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांमुळे भारत २-१ असा विजयी झाला.

पहिल्या सामन्यातील पराभव त्या संघाने अशा रीतीने सत्कारणी लावला. भारी जोडीशी झालेल्या पहिल्या झुंजीने प्रतिपक्षाची ताकद दाखवली, आणि दुसऱ्या झुंजीपर्यंत संघाची मांडणी बदलली. रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रस्त होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज प्रतिपक्षाचे बळ मोजण्यासाठी गणिताचीही मदत घेतली जाते. ऑगस्ट २०१८ पासून जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, ज्या रीतीने गुण देते ती थोडक्यात अशी आहे. सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या गुणांतील फरकावरून प्रत्येकाची अपेक्षा काढतात. विजयाचे मोल एक आणि बरोबरीचे अर्धा धरले, तर तुल्यबळ संघांची अपेक्षा प्रत्येकी अर्धी असते. फरक ६०० गुणांचा असेल, तर बलवान संघाची अपेक्षा सुमारे ०.९१ आणि दुबळ्याची ०.०९ येते. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून जितका चांगला किंवा वाईट असेल, त्याला सामन्याच्या महत्त्वाचा आकडा लावून गुण वाढतात वा घटतात. नियत कालावधीतील मैत्रीच्या सामन्याला तो आकडा १० आहे, तर आशियाई चषकाच्या गटसामन्याला ३५. म्हणजे मैत्रीच्या सामन्यात अशा दुबळ्या संघाला हरवून बलवान संघाच्या पदरात एक गुणही पुरता पडत नाही; हरला तर मात्र त्याचे नऊहून अधिक गुण जातात. आखाड्यातील वस्तादाचाच हिशोब हा, फक्त कागदावर मांडलेला! तथापि बचावफळी दडपणाखाली कशी वागते, किंवा दमलेला मध्यरक्षक कोणत्या मिनिटाला मागे पडतो, हे कोणत्याही कोष्टकातून कळत नाही. त्यासाठी भारी प्रतिपक्षाशी खेळूनच पाहावे लागते.

अलीकडच्या दोन आशियाई चषकांची पूर्वतयारी या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. २०१९ च्या स्पर्धेपूर्वी भारत चीनशी चीनच्या मैदानावर ०-० असा बरोबरीत राहिला, जॉर्डनकडून १-२ असा हरला आणि ओमानशी पुन्हा ०-० अशी बरोबरी झाली. तीन सामने झाले, पण विजय एकही नव्हता. त्यानंतर मुख्य स्पर्धेत त्याने थायलंडवर ४-१ असा विजय मिळवला. पुढचे दोन सामने गमावल्याने तो बाद झाला, पण तुल्यबळ झुंज देऊन. याउलट २०२३ च्या जून-जुलैत भारताने भुवनेश्वर आणि बेंगळूरु येथे, घरच्या प्रेक्षकांपुढे, दोन चषक जिंकले आणि जागतिक क्रमवारीत ९९ वे स्थान मिळवले. मग जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये आशियाई चषक झाला. त्यासाठी संघ एकत्र आला तो जेमतेम दोन आठवडे आधी. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असे तिन्ही सामने त्याने गमावले आणि एकही गोल न करता तो परतला. फेब्रुवारीत क्रमवारीतील स्थान ११७ वर घसरले. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण दिल्ली आणि हेलसिंकी यांची आठवण ज्यांना असेल, त्यांना या घटनेत फारसे नवे काही वाटू नये.

यात पणाला लागते ती लोकांची न्यायबुद्धी. घरच्या विजयावर संघाला डोक्यावर घ्यावयाचे आणि परदेशातील पराभवावर त्याच खेळाडूंना पायदळी तुडवायचे, ही रीत खेळाडूंवर अन्याय करते आणि निवड करणाऱ्यांना भित्रे बनवते. पराभवाची धास्ती घेतलेली समिती हलकी जोड शोधते. हलक्या जोडीचे विजय लोकांना खूष करतात. आणि त्याची किंमत मोठ्या स्पर्धेत त्याच खेळाडूंना मोजावी लागते. म्हणून पुढील स्पर्धेपूर्वी राष्ट्रीय संघाचा एखादा निकाल कानी पडेल, तेव्हा किती गोल झाले हे ऐकून थांबू नये. समोर कोण होते, मैदान कोणाचे होते, कोणते अकरा जण खेळले आणि त्या सामन्यानंतर संघाच्या मांडणीत काय बदलले, एवढे चार प्रश्न विचारावेत. प्रेक्षकांनी हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर भारी जोडीशी खेळून हरण्याचे धैर्य निवड समितीलाही येईल.