मोजणाऱ्याच्या तक्त्यात आजी-आजोबा कुठे?

नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या चौकात रस्त्याच्या कडेला कधीतरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एखादा तरुण दिसतो. मांडीवर पॅड, पॅडला लावलेला तक्ता, हाती पेन. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते, हा पावत्या फाडणारा किंवा अतिक्रमणाची पाहणी करणारा असावा. प्रत्यक्षात तो वाहने मोजत असतो. चार वाहनांच्या चार उभ्या रेघा आणि पाचव्याची त्यांना छेदणारी तिरपी रेघ, अशा पाचापाचांच्या गठ्ठ्यांनी त्याचा कागद भरत जातो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहराबाहेरील रस्त्यांवर अशी गणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस आणि रात्रंदिवस व्हावी, अशी अपेक्षा आहे : एकदा सुगीच्या काळात, एकदा मंदीच्या. द्राक्षे आणि कांद्याच्या या जिल्ह्यात हा फरक किती मोठा असतो, हे सांगायला नको. आता कॅमेरेही मोजतात. तरी पेन आणि तक्ता घेऊन बसणारा माणूस अजून रस्त्यावरून हटलेला नाही. कोणता रस्ता रुंद करायचा, पूल कुठे बांधायचा, सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा, याचा हिशेब त्याच्या रेघांपासून सुरू होतो.

मोजणाऱ्याचे शरीर

हे काम बसून करायचे असले तरी हलके नाही. पापणी लवली की दुचाकी निसटते, म्हणून नजर सतत ताणलेली असते. कानांवर हॉर्नचा मारा चालू असतो. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढले, तर वर्षांमागून वर्षे गेल्यावर ऐकू कमी येऊ लागण्याचा धोका असतो. धुरातील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. नाकावर बांधलेला रुमाल त्यांना फारसा अडवू शकत नाही, घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. हवा सुधारण्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाशिकचाही समावेश आहे.

त्यात ऊन. जवळपास स्वच्छतागृह नसेल तर पाणी कमी प्यायचे, ही सवय विशेषतः स्त्रियांना लागते. तिच्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात या दोहोंना वाट मिळते. आपल्या घरातील नातू वा नात सुटीत असे काम करत असेल, तर टोपी, पाण्याची बाटली, क्षारसंजीवनीचे पाकीट आणि मास्क सोबत द्यावा. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले वा भोवळ आली, तर वाट न पाहता सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे आणि १०८ ला फोन करावा. अनोळखी मोजणाऱ्यालाही एक तांब्या पाणी आणि आपल्या ओट्याची सावली देता येते.

न मोजलेली माणसे

या तक्त्यात दुचाकी, मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर यांचे रकाने असतात. वेगवेगळी वाहने एका मापात आणण्यासाठी मोटारीला एक गुण धरतात. ग्रामीण रस्त्यांच्या निकषांत बस वा ट्रकला तीन आणि बैलगाडीला आठ. मात्र काठी टेकत औषधाच्या दुकानाकडे निघालेल्या आजींना वाहनांच्या तक्त्यात रकानाच नसतो. पौषातील एकादशीसाठी त्र्यंबकेश्वराकडे पायी निघालेल्या दिंड्यांनाही नसतो.

पादचाऱ्यांची गणना वेगळी करावी लागते. रस्ता ओलांडण्याची नियंत्रित सोय हवी का, हे ठरवण्याचा एक निकष असा : गर्दीच्या तासातील वाहनसंख्येचा वर्ग करायचा आणि त्याला पादचाऱ्यांच्या संख्येने गुणायचे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींवर जायला हवा. म्हणजे ताशी १,००० वाहने असतील, तर ताशी १०० माणसे रस्ता ओलांडताना दिसली पाहिजेत. इतरही निकष आहेत. पण या एका निकषातील अडचण आपल्या घराघरांत आहे. रस्त्याच्या भीतीने ज्येष्ठ माणूस घरातच बसला, की तो मोजणीत येत नाही. मोजणीत आला नाही, की सोय होत नाही. सोय नाही म्हणून तो पुन्हा घरातच बसतो. या फेऱ्यात त्याचे चालणे सुटते, स्नायू क्षीण होतात, तोल जातो आणि मन एकाकी होते.

दुसरी अडचण वेगाची. सिग्नलचा हिशेब बहुधा सेकंदाला १.२ मीटर चाल धरून होतो. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांची सरासरी चाल ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर आढळली. बारा मीटर रुंदीचा रस्ता हिशेबाप्रमाणे दहा सेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात आजी आठ मीटरच गेलेल्या असतात.

आपणच मोजू या

मोजणी ही कोणाची मक्तेदारी नाही. परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाने चार दिवस सकाळचा एक तास सावलीच्या ओट्यावर किंवा गॅलरीत बसून हे काम करावे. त्याच पाच रेघा. रकाने मात्र आपले : काठी घेतलेले, हात धरून चालणारे, लहान मुले, आणि अर्ध्यातून परत फिरलेले. चार-पाच जणांना रस्ता ओलांडायला किती सेकंद लागले, तेही घड्याळ पाहून लिहावे. हा तक्ता अर्जासोबत महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना द्यावा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांकडे दुर्लक्ष करणे अवघड असते.

तोवर एवढे पाळावे : हिरवा दिवा आधीच लागलेला असेल तर घाई न करता पुढच्या वेळची वाट पाहावी, दुभाजक असेल तर तिथे थांबून रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावा, पहाटे वा सायंकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि सोबत्याने वाहनांच्या बाजूने चालावे.

आणि खुर्चीवर बसलेला तो तरुण पुन्हा दिसला, तर त्याला पाणी द्यावे आणि हळूच विचारावे, “बाळा, चालणाऱ्यांचाही तक्ता आहे ना रे?”