स्प्रिंकलर आहे, पण टाकीत पाणी आहे का?

खाली माग किंवा कापडाचे गोदाम आणि वर बिऱ्हाड, ही भिवंडीची नेहमीची रचना. छताला स्प्रिंकलर बसवले की काम संपले, असे पुष्कळजण समजतात. पण नळाचे पाणी ठरावीक वेळेलाच येते. आग वेळ पाहून लागत नाही. म्हणून आगीसाठी राखीव साठा हवा. टाकी एकच असेल तर घरवापराचा पाइप वरच्या पातळीवरून घ्यावा, म्हणजे खालचे पाणी शिल्लक राहते. सर्वसाधारण स्प्रिंकलरची काचेची कुपी ६८ अंशांना फुटते. पण व्हॉल्व्ह बंद असेल तर थेंबही पडणार नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारी व जुलैत सादर करावे लागते. व्यापारी बांधवांनी कागदाबरोबर टाकीही उघडून पाहावी, असे आम्ही सुचवतो. वर झोपलेल्यांचा जीव त्या पाण्यावर आहे.