दोन स्पिंडल, दोन टरेट आणि थांबायच्या जागा

साध्या लेथवर जॉबची दोन्ही तोंडं करायची म्हटली, की मधे एकदा तो चकमधून काढून उलटा बांधावा लागतो. उलटा बांधताना मध्य थोडा का होईना सरकतोच. मग डायल लावा, जॉबला हलकेच ठोका, पुन्हा डायल बघा. आयटीआयला टर्नर ट्रेड शिकलेल्या प्रत्येकाच्या हाताला हे ठाऊक आहे. दोन स्पिंडल, दोन टरेटचं मशीन ही उलटापालट स्वतःच करतं. त्यात समोरासमोर दोन चक असतात. पहिल्या चकात एक बाजू झाली, की दुसरं स्पिंडल पुढे येतं, पहिल्याइतक्याच वेगानं फिरत जॉब पकडतं, पार्टिंग टूल तो बारपासून कापतं आणि दुसरं स्पिंडल त्याला घेऊन मागे जातं. वर एक टरेट, खाली एक, आणि दोन्हींवर टूलची माळ. एकीकडून बार आत जातो, दुसरीकडून तयार जॉब बाहेर पडतो.

मी मंगरूळपीर तालुक्यातला. वाळूजला अशाच मशीनचे प्रोग्रॅम करतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून शेलूबाजारला उतरून गावी जाणं सोपं झालं आहे. गेलो की शिकलेली पोरं हमखास विचारतात, "भाऊ, सगळं सॉफ्टवेअरच करते न, मंग तुम्ही काय करता?"

प्रश्न रास्त आहे. संगणकाकडून टूलची वाट आखून घेणं काही आजचं नाही. अमेरिकेत एमआयटीनं १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं आणि त्याच दशकात तिथे डग्लस रॉस यांच्या गटानं एपीटी ही भाषा रचली. आजची मास्टरकॅम, एस्प्रिट ही सॉफ्टवेअर त्याच घराण्यातली. ड्रॉइंगवरून मॉडेल घ्या, टूल निवडा, खोली आणि फीड सांगा, टूलची वाट तयार. शेवटी पोस्ट प्रोसेसर ती वाट त्या-त्या मशीनच्या भाषेत उतरवतो. एका टरेटपुरतं हे काम खरंच हलकं झालं आहे. टरेट दोन झाले की मात्र एकाच वेळी चालणारे दोन प्रोग्रॅम होतात, आणि कोणी कोणासाठी कुठे थांबायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

हे थांबणं प्रोग्रॅममध्ये लिहावं लागतं. फॅनुक कंट्रोलवर दोन्ही प्रोग्रॅममध्ये तोच एक एम-कोड टाकतात, समजा एम१०१. जो आधी तिथे पोचेल तो दुसऱ्याची वाट बघतो, दुसरा आला की दोघं पुढे निघतात. पार्टिंगच्या आधी असा थांबा हवाच. दुसऱ्या स्पिंडलनं जॉब घट्ट धरण्याआधी पार्टिंग टूल आत शिरलं, तर कापलेला जॉब फिरत्या वेगानिशी मशीनमध्ये आदळतो. सॉफ्टवेअर पडद्यावर दोन टरेटच्या दोन पट्ट्या दाखवतं आणि थांबे त्यांना जोडणाऱ्या रेघांसारखे दिसतात. रेघ मारायला एक क्लिक पुरते, ती कुठे मारायची हे लेथ समजलेल्यालाच कळतं.

एक उदाहरण देतो. ४० मिमीचा ईएन८ बार आहे. वरचं टूल बाहेरून टर्निंग करतंय आणि त्याच वेळी खालच्या टरेटवरचं १० मिमीचं कार्बाइड ड्रिल मधोमध भोक पाडतंय. टर्निंगला मिनिटाला १८० मीटर कटिंग स्पीड हवी असेल, तर स्पिंडल साधारण १,४३० फेऱ्यांनी फिरायला हवं. ड्रिलला ८० मीटर द्यायचे, तर सुमारे २,५५० फेऱ्या हव्यात. स्पिंडल एकच, त्यामुळे वेगही एकच. मी २,००० धरतो. टर्निंग २५० मीटरच्या घरात जातं, चांगला कोटेड इन्सर्ट ते सोसतो. ड्रिल ६३ वर येतं, त्यालाही चालतं. हा वेग जी९७ नं बांधून टाकायचा. जी९६ ठेवला, तर वरचं टूल फेसिंग करत मध्याकडे जाईल तशा फेऱ्या वाढत जातात आणि आत अडकलेल्या ड्रिलच्या जिवावर बेततं. ही तडजोड करायला आपण कशाला किती ताणू शकतो याचा अंदाज लागतो, आणि तो चिपचा रंग नि आवाज ओळखूनच येतो.

दोन टरेटचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र वेगळा. लांब, बारीक शाफ्टवर एकच टूल लावलं की शाफ्ट पलीकडे वाकतो, मधला भाग जाड राहतो. समोरून दुसरं टूल तितक्याच खोलीनं लावलं, की दोन्हींचा दाब एकमेकांना तोलतो आणि शाफ्ट सरळ राहतो.

वेळेचा हिशेबही असाच मजेचा आहे. पहिल्या बाजूला ७० सेकंद आणि दुसरीला ४० लागत असतील, तर सायकल ७० चीच होते. दुसरं स्पिंडल ३० सेकंद नुसतं उभं. पहिलीकडचं १५ सेकंदांचं खाचांचं काम दुसरीकडे हलवलं, की दोन्हीकडे ५५. आठ तासांच्या पाळीत ४११ ऐवजी ५२३ जॉब होतात, कागदावर तरी. पण कुठलंही काम हलवता येत नाही. बेअरिंगचा व्यास आणि आतलं भोक एककेंद्री हवं असेल, तर दोन्ही एकाच पकडीत झाली पाहिजेत, सेकंद कितीही वाया जावोत.

रिसोडचा एक पोरगा आमच्याकडे शिकतो. परवा म्हणाला, "सिम्युलेशन तं साफ चाललं न भाऊ, मंग पहिला जॉब एवढा हळू काऊन चालवता?" त्याला टरेटवरचा बोरिंग बार मोजायला लावला. सॉफ्टवेअरमध्ये तो होल्डरबाहेर ४५ मिमी होता, सेटरनं बांधला होता ६०. सिम्युलेशनला आपण सांगू तेवढंच दिसतं. म्हणून पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, रॅपिड कमी करून आणि फीड होल्डवर बोट ठेवून.

त्याला मी आता आधी कागदावर दोन रकाने पाडायला लावतो, वरचा टरेट आणि खालचा. प्रत्येक कामापुढे सेकंद आणि स्पिंडलच्या फेऱ्या. मग थांब्यांच्या आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर लिहायचं: या क्षणी जॉब कोणी धरलाय, वेग कोणाचा चाललाय. उत्तर येत नाही तिथे पुन्हा ड्रॉइंग उघडायचं. हा कागद पुरा झाला, की सॉफ्टवेअरमधलं काम अर्ध्या दिवसाचं.