डासांसाठी सोडलेले मासे

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर वाचत आपण मोठे झालो. गप्पी आणि त्याचा भाऊबंद गंबुशिया डासांच्या अळ्या खातात, हे खरेच आहे. गैरसमज पुढचा आहे: ते फक्त अळ्याच खातात, म्हणून कुठल्याही तळ्यात सोडावेत. गंबुशिया तोंडात मावेल ते खातो. इतर माशांची अंडी, पिल्ले, बेडकांची पिल्लेसुद्धा. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या 2018 च्या यादीत हे दोन्ही मासे आक्रमक परदेशी जाती म्हणून नोंदले आहेत.

या कामाला परदेशी मासाच लागतो, हेही खरे नाही. भातखाचरांत, खाड्यांत राहणारे ओरायझियस कुळातले इवले मासे आपल्याकडे मुळातलेच. कर्नाटिक मुलखातल्या एका जातीचे वर्णन जर्डन यांनी 1849 मध्ये केले. मुंबई इलाख्यातल्या पारदर्शक जातीचे सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये.

‘सगळीकडे दिसतो तो मासा संपेल कसा?’ असे वाटत असेल, तर याच कुळातल्या जपानी मेडाकाकडे पाहावे. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा हा मासा सखल प्रदेशातल्या भातशेतीत इतका सर्रास होता, की तिथल्या लहान मुलांनाही तो ओळखीचा. तरी 1999 मध्ये त्याचे नाव जपानच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आले. कारण मासेमारी नव्हे. चर सिमेंटचे झाले, शेत आणि कालवा यांच्यातली जाण्यायेण्याची वाट तुटली, अंडी चिकटवायला पाणवनस्पती उरल्या नाहीत, कीटकनाशके वाढली. आणि डासांसाठी आणलेला गंबुशियाही तिथे पसरला. मेडाका रोज थोडीथोडी अंडी घालतो, गंबुशिया थेट पोहणारी पिल्ले देतो. जपानमध्ये आता गंबुशिया पाळायला आणि सोडायला कायद्याने मनाई आहे.

दुकानातले नारिंगी मेडाका नदीत सोडले की भरपाई होते, ही समजूत तर फारच घातक. ठिकठिकाणच्या मेडाकांचे जनुकीय वाण वेगळे असतात. पाळीव मासे मिसळले की तो वेगळेपणा पुसला जातो.

‘आम्ही तर टाकीतच सोडतो,’ असे कुणी म्हणेल. पण चेन्नईचे उदाहरण घ्या: ईशान्य मोसमी पावसात तिथे टाक्या, विहिरी, गटारे भरून वाहतात, आणि शहराच्या दक्षिणेकडच्या अनेक तळ्यांचे पाणी पळ्ळिकरणै पाणथळीत उतरते. मासाही त्याच वाटेने जातो. त्यामुळे टाकीला घट्ट झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, हा उपाय अधिक भरवशाचा आहे.