गावाच्या नावापुढचा आकडा

करमाळा तालुक्यात गावाचं नाव सांगताना आकडाही सांगावा लागतो. केत्तूर नंबर एक की दोन? वांगी तर चार आहेत. उजनी धरणामुळे भीमेकाठचं गाव उठलं, माणसं विखरून वसली आणि प्रत्येक वस्तीला क्रमांक पडला.

७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उजनी धरणाची पायाभरणी झाली, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसीच्या या जलाशयाला पुढे यशवंतसागर नाव मिळालं. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांतल्या नदीकाठच्या सुपीक जमिनी त्यात गेल्या. पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन मंदिर आजही पाणी खूप ओसरलं की उघडं पडतं आणि जुन्या गावाची माणसं दर्शनाला येतात. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी. आधी धरणाचं काम, मग कायदा, हा क्रम उजनीकाठच्या एका पिढीला फार महाग पडला.

तरी ही माणसं पाण्याला पाठ दाखवून बसली नाहीत. जलाशयातून मोटारी टाकल्या, मैलोगणती पाइप अंथरले आणि माळावर ऊस उभा केला. पुढे केळी आली. कंदर परिसरातली केळी आता आखाती देशांत जाते. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर होते. भोई कुटुंबांनी नदीतली जाळी समुद्रासारख्या पाण्यात टाकली आणि भिगवणचा मासळी बाजार नावारूपाला आला. मात्र चिलापी मासळी वाढली, लहान आसाच्या जाळ्यांनी पिल्लंही उपसली जाऊ लागली, आणि पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी वाहत येतंच आहे.

धरणासाठी पाणी अडवलं जातं त्या गावांना बदल्यात काय मिळतं, हे पाहताना नॉर्वेची आठवण काढावीशी वाटते.   तिथली बहुतेक वीज पाण्यावर होते. १९१७ च्या कायद्यापासून, ज्यांच्या हद्दीतलं पाणी विजेसाठी अडवलं जातं त्या स्थानिक नगरपालिकांना दरवर्षी शुल्क आणि विजेतला वाटा मिळतो. म्हणून तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. आल्टा नदीवरच्या धरणाच्या मूळ आराखड्यात मासी हे सामी या मूलनिवासी लोकांचं गाव बुडणार होतं. विरोध झाला, गाव वाचलं. धरण मात्र थांबेना, तेव्हा १९७९ मध्ये सामी आंदोलक ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. धरण १९८७ मध्ये झालंच. पण या लढ्यातून सामींच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८९ मध्ये त्यांची स्वतःची निवडून दिलेली संसद उभी राहिली.

उजनीकाठी असा वाटा नाही, निर्णयाच्या जागी अशी खुर्चीही नाही. पाणी किती आणि कधी सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. ११७ पैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचं पाणी, असल्यामुळे ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य इथल्या उन्हाळ्याचं आहे. जून २०२४ मध्ये पातळी उणे ६० टक्क्यांच्या आसपास आली. काठावरचे शेतकरी हटत्या पाण्यामागे चाऱ्या खोदत, मोटारी सरकवत राहिले.

त्याच्या आधीच्याच महिन्यात, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, कुगावहून जलाशयापलीकडच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. समोर दिसणाऱ्या काठावर रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं बोटीत बसतात.

पुढच्या कालवा सल्लागार समितीत या आकडेवाल्या गावांनी निवडून दिलेला एक माणूस हक्काने बसवा. पाण्याची पाळी ठरताना काठावरच्या गावाचं म्हणणं पहिल्यांदा ऐका.