पिकअप घेताना गाडी थरथरते?

उमरखेडहून नांदेडकडे जाताना ओव्हरटेकसाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते? लगेच पार्ट बदलू नका, आधी दोष शोधा.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. पेट्रोल गाडीत 'पी०३०१' कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवा. कोड 'पी०३०२' झाला तर कॉइलच खराब. नाही बदलला तर स्पार्क प्लग तपासा.

दिवा नसेल आणि पाय काढताच थरथर थांबत असेल, तर पुढच्या चाकांमागे अ‍ॅक्सलचे रबरी बूट पाहा. बूट फाटून ग्रीस उडालं असेल तर आतला जॉइंट झिजलेला असू शकतो.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलमुळे महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.