पाषाणभेद म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

मूतखड्याची कळ येऊन गेली की घरातले किंवा शेजारचे कोणीतरी पाषाणभेदाचे नाव सुचवतेच. नाव एकच, पण चार घरी विचारले तर दोन-तीन निरनिराळ्या वनस्पती दाखवल्या जातात. म्हणून पोटात काही घेण्यापूर्वी ओळख पक्की हवी.

शास्त्रात सांगितलेला पाषाणभेद आपल्या रानात सापडत नाही. तो हिमालयातला. खडकांच्या कपारींत मुळे रोवून वाढतो आणि जणू दगड फोडून वर आल्यासारखा दिसतो. त्याच्या कुळाचे लॅटिन नाव सॅक्सिफ्रागा. त्याचाही अर्थ दगड फोडणारा असाच! दगड फोडणारी वनस्पती पोटातला खडाही फोडील, ही समजूत दोन्हीकडे रुजली. चरकसंहितेत पाषाणभेदाची गणना मूत्रविरेचनीय, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, दहा औषधींत केलेली आहे.

जुन्या पुस्तकांत याचे नाव सॅक्सिफ्रागा लिग्युलाटा असे आढळते. आता या वनस्पतींना बर्जेनिया म्हणतात. त्यांच्या तीन जाती औषधासाठी खणल्या जातात आणि पान हातात घेतले तर त्या ओळखता येतात. बर्जेनिया सिलिएटाचे पान रुंद, गोलसर असून दोन्ही बाजूंनी लव असते. बोट फिरवले की खरखर जाणवते. लिग्युलाटाच्या पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत, फक्त कडेला केसांची झालर. (काही वनस्पतीशास्त्रज्ञ या दोन्ही एकाच जातीचे प्रकार मानतात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातही दोन्ही नावे एकाच वनस्पतीची म्हणून दिली आहेत.) तिसरी स्ट्रेचाय. ती साधारण तीन हजार मीटरच्या वर, थंड उतारांवर वाढते. तिचे पान लहान, देठाकडे निमुळते आणि कडेला केसांबरोबर बारीक दातेही असतात.

पण आपल्या हाती पान येतच नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात ते जमिनीलगतच्या आडव्या खोडाचे वाळलेले तुकडे. बोटाच्या पेराएवढे, तपकिरी, सुरकुतलेले, मुळांच्या खुणा असलेले आणि चवीला तुरट. त्यावरून तिघींपैकी कोणती हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. मात्र तिन्हींत बर्जेनिन हे द्रव्य असते, त्यामुळे ही सरमिसळ रुग्णाच्या दृष्टीने तितकी गंभीर नाही.

गंभीर गोंधळ आहे तो घराच्या कुंडीतला. पानफुटी, जिच्या पानाच्या कडेला नवी रोपे फुटतात, तिलाही पुष्कळ लोक पाषाणभेद म्हणतात. हिंदीत तिला पत्थरचट्टा आणि पानओव्याला पत्थरचूर म्हणतात, म्हणजे गोंधळात आणखी भर. पानफुटीचा बर्जेनियाशी काहीही संबंध नाही. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरे दगावली आहेत. हृदयविकार असणाऱ्यांनी, विशेषतः डिगॉक्सिनची गोळी चालू असणाऱ्यांनी, ही पाने चावून खाऊ नयेत, रसही घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनीही ती टाळावीत.

मग ‘आमचा खडा याच पानाने पडला’ असे सांगणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे पुष्कळदा आपोआपच पडतात आणि श्रेय त्या दिवसांत घेतलेल्या औषधाला मिळते. बर्जेनियाच्या अर्काने स्फटिकांची वाढ मंदावते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु माणसांवरचा भक्कम पुरावा अपुरा आहे. सर्वाधिक आढळणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पोटात औषध घेऊन विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचे खडे विरघळू शकतात, पण ते डॉक्टरांच्या औषधाने.

पाषाणभेद घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्यावा आणि ‘कोणती वनस्पती?’ असे स्पष्ट विचारावे. पाणी भरपूर प्यावे. लघवी फिकट रंगाची होईल इतके. सोनोग्राफी करून खड्याचा आकार आणि जागा पाहून घ्यावी. कळ येत असताना थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, उलट्या थांबेनात किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर कोणताही काढा उकळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांतही जिवावर बेतू शकते.